कवड्या, वाळा, मांडूळ : शेतकऱ्याच्या भोवतीचे निरुपद्रवी साप

मृगाचा पाऊस पडून काळ्या रानातील भेगा बुजू लागल्या व बिळांत पाणी शिरले, म्हणजे उन्हाळाभर जमिनीखाली दडून राहिलेले साप बाहेर पडतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सिल्लोड व सोयगावच्या डोंगराळ पट्ट्यापासून पैठण-गंगापूरच्या गोदाकाठापर्यंत याच सुमारास मका, कपाशी व तूर यांची पेरणी चालू असते. माणूस आणि साप एकाच वेळी, एकाच जागी कामास लागतात असे म्हटले तरी चालेल. बांधाचा दगड उचलताना, कडब्याची गंजी उसकटताना, उकिरड्यातील खत गाडीत भरताना हातभर लांबीचा एखादा साप दिसतो, आरडाओरड होते आणि काठी उगारली जाते. तो साप कोणता होता, याची चौकशी तो मेल्यावर होते; पुष्कळदा तीही होत नाही.

सापाचे भय निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. रात्री त्याचे नाव घ्यावयाचे नाही म्हणून खेड्यात त्यास 'जनावर' अथवा 'लांबडे' म्हणतात, आणि दंश झाला तर 'पान लागले' एवढेच बोलतात. या शब्दांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील आहेत. तेव्हा धोका शेतकऱ्याच्याच दारात आहे, आणि तो पेरणीच्या हंगामात आहे.

परंतु हा धोका सर्व सापांपासून नाही. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती असून मनुष्यहानीस मुख्यतः कारणीभूत होणारे साप चार आहेत : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. हे चारही मराठवाड्यात आढळतात. यांच्याच परिसरात, बहुधा त्याच बांधाखाली व त्याच भिंतीत, काही लहान, जमिनीलगत राहणारे व विष नसलेले साप राहतात. दुर्दैवाने त्यांपैकी काहींचे रूप विषारी सापाशी इतके जुळते की, जाणत्या माणसाचाही घोटाळा व्हावा.

कवड्या व मण्यार

असा घोटाळा सर्वांत अधिक होतो तो कवड्याच्या बाबतीत. कवड्या हा सडपातळ, तपकिरी रंगाचा, साधारणतः दीड-दोन फुटांपर्यंतचा साप होय. त्याच्या अंगावर पांढरट-पिवळसर आडवे पट्टे असतात. जुन्या माळवदाच्या घरांतून तुळयांच्या फटी, पडक्या भिंती, न्हाणीघराचा कोपरा ही त्याची आवडती ठिकाणे. कारण पाल हे त्याचे मुख्य खाद्य आहे. तो खडबडीत भिंतीवर सहज चढतो व रात्रीच हिंडतो. पकडण्याचा प्रयत्न केल्यास चटकन चावतो, परंतु त्यास विष नाही.

मण्यारही रात्रीच हिंडते, घरात येते, व तिच्याही अंगावर पांढरे पट्टे असतात. फरक असा की, मण्यारीचा रंग निळसर काळा व चकचकीत असून तिचे पट्टे बारीक व बहुधा जोडीजोडीने असतात. ते डोक्याकडे अस्पष्ट अथवा मुळीच नसतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे विरत जातात. कवड्याचे डोके चपटे व मानेहून रुंद दिसते. मण्यारीचे डोके मानेत मिसळून गेलेले असते. मण्यारीच्या पाठीवर मधोमध षट्कोनी मोठ्या खवल्यांची एक ओळ असते, हीच तिची सर्वांत खात्रीची खूण होय. पण ती पाहण्याइतके जवळ जाणे इष्ट नाही.

या खुणा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी चित्रांच्या साहाय्याने गावकऱ्यांस अवश्य समजावून सांगाव्यात. मात्र त्याबरोबरच त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. मण्यारीच्या पिलास कधी कधी मानेपासूनच पट्टे अथवा ठिपके असतात. कवड्याचे पट्टेही काही वेळा पुसट असतात. कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाने केलेली पारख विश्वसनीय धरता येत नाही. कवड्यास मण्यार समजल्याने एक निरुपद्रवी साप मरतो. मण्यारीस कवड्या समजल्याने घरातील माणूस दगावू शकतो. म्हणून ओळख शिकावयाची ती साप न मारण्यासाठी. दंश झाल्यावर निर्धास्त राहण्यासाठी तिचा उपयोग कोणीही करू नये.

मण्यारीचा दंश फसवा असतो. जमिनीवर झोपलेल्या माणसास ती चावते तेव्हा वेदना फारशी होत नाही, सूजही येत नाही, आणि दाताची खूण पुष्कळदा सापडत नाही. काही वेळाने पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळताना व बोलताना त्रास होतो, आणि पुढे श्वास अडतो. पहाटे पोट दुखते म्हणून ओवा-मीठ देऊन वाट पाहत बसलेल्या कुटुंबास हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पावसाळ्यात खाटेवर झोपणे व मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचणे हा यावरील अत्यंत स्वस्त उपाय आहे.

सारखेपणाचे रहस्य

निरुपद्रवी साप विषारी सापासारखा का दिसावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर शोधण्याचे प्रयत्न उष्ण कटिबंधातील अमेरिकेत बरेच झाले आहेत. तेथील अरण्यांत तांबड्या, काळ्या व पिवळ्या कड्यांचे विषारी पोवळे साप असून, पालापाचोळ्यात राहणाऱ्या कित्येक लहान व निरुपद्रवी सापांच्या अंगावर तशीच कडी आढळतात. कोस्टारिका देशात संशोधकांनी कृत्रिम मातीच्या सापांच्या प्रतिकृती करून रानात ठेवल्या. साध्या तपकिरी प्रतिकृतींवर पक्ष्यांच्या चोचींच्या खुणा आढळल्या, पण कड्यांच्या प्रतिकृतींना पक्ष्यांनी टाळले, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. म्हणजे उसने रूप त्या दुबळ्या प्राण्यास चिलखतासारखे उपयोगी पडते. कवड्याचे पट्टेही त्यास असेच उपयोगी पडत असावेत असे मानले जाते. पक्षी त्या पट्ट्यांना पाहून दूर जातो. माणूस मात्र त्याच पट्ट्यांना पाहून काठी घेऊन जवळ येतो.

आपल्याकडेही पोवळा नावाचा एक बारीक साप आहे. तो विषारी आहे, पण क्वचितच दृष्टीस पडतो. त्याच्याशी साम्य असणारा काळतोंड्या हा साप निरुपद्रवी असून सापसुरळ्या व लहान सरडे खातो. दोघांचीही डोकी काळी असतात. पोवळ्याच्या शेपटीवर काळी कडी असतात व डिवचल्यास तो शेपूट वळवून वर उचलतो. दोन्ही साप पेन्सिलीएवढ्या जाडीचे असल्याने 'हे पिलूच आहे' म्हणून मुले हाताने उचलतात. ही सवय मोडली पाहिजे. विषारी सापाचे पिलू अंड्यातून अथवा आईच्या पोटातून बाहेर येते तेच विष घेऊन.

कुकरी नावाचा आणखी एक लहान साप पट्ट्यांमुळेच मारला जातो. त्याचे पट्टे काळे व रुंद असतात, आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात. पाली, सरडे व इतर सापांची अंडी हे त्याचे खाद्य असल्याने शेतीस त्याचा प्रत्यक्ष लाभ फारसा नाही, हेही सांगितले पाहिजे. 'साप शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य सरसकट प्रत्येक सापास लावण्याची प्रथा पडली आहे. शेतकरी चतुर आहे. अतिशयोक्ती त्याच्या लगेच ध्यानात येते, आणि मग खऱ्या गोष्टीवरील त्याचा विश्वासही उडतो.

वाळा

खऱ्या अर्थाने उपयोगी असा सर्वांत लहान साप म्हणजे वाळा. तो वीतभर लांब, काळपट व चकचकीत असतो. गांडूळ समजून त्याकडे दुर्लक्ष होते, अथवा नागाचे पिलू समजून त्यास ठेचले जाते. जवळून पाहिल्यास अंगावर बारीक खवले दिसतात. गांडुळाप्रमाणे वळ्या नसतात. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, आणि त्यांस उजेड-अंधारापलीकडे फारसे काही दिसत नाही. शेपटीच्या टोकाशी लहानसा काटा असतो. तो माती रेटण्याच्या उपयोगाचा आहे, त्यात विष नाही. वाळा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो ही समजूतही खरी नाही. उकिरड्यात, कुजलेल्या पालापाचोळ्याखाली, केळीच्या बुडाशी, कुंडीच्या ओल्या मातीत तो राहतो आणि मुंग्यांची व वाळवीची अंडी व अळ्या खातो.

या जातीत नर आढळत नाहीत. सर्व माद्याच असून, नराशिवाय त्या अंडी घालतात व त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. त्यामुळे एकच वाळा नवीन ठिकाणी पोहोचला तरी तेथे त्याचा वंश वाढतो. दक्षिण आशिया हे त्याचे मूळ घर मानले जाते. परंतु रोपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून प्रवास करीत तो आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको व वेस्ट इंडीज बेटांपर्यंत जाऊन पोहोचला आहे. जमिनीवरील सापांच्या जातींत इतका दूरवर पसरलेला दुसरा साप नाही. त्याला यासाठी दात दाखवावे लागले नाहीत.

मांडूळ व डुरक्या घोणस

मांडूळ तांबूस तपकिरी, गुळगुळीत व संथ असून त्याची शेपटी डोक्याइतकीच बोथट असते. त्यावरून 'दुतोंड्या' हे नाव पडले, व सहा महिने एका तोंडाने आणि सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो अशी कथा जोडली गेली. तोंड अर्थातच एकच आहे. तो भुसभुशीत जमिनीत राहतो, उंदरांच्या बिळांत शिरतो व विळखा घालून त्यांस मारतो. त्याच्या बाबतीत 'मित्र' हा शब्द शोभतो. परंतु गुप्तधन मिळवून देतो, नशीब उघडतो अशा थापा मारून त्याची लाखो रुपयांना विक्री करण्याचे आमिष दाखविणाऱ्या टोळ्यांनी या गरीब प्राण्याचा नाश चालविला आहे. यात खरेदी करणाराही फसतो व पकडून देणाराही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मांडूळ पकडणे, जवळ बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. अशा व्यवहारात सालगड्यास किंवा शाळकरी मुलास हाताशी धरले जाते, आणि कोठडी त्याच्याच वाट्यास येते.

त्याचाच भाऊबंद डुरक्या घोणस. आखूड, जाड, खरखरीत अंगाचा व पाठीवर वेडेवाकडे तपकिरी डाग असलेला हा साप निव्वळ घोणशीच्या भीतीने मारला जातो. खऱ्या घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांचे लंबगोल ठिपके साखळीप्रमाणे तीन ओळींत ओवलेले असतात, डोके त्रिकोणी व मान बारीक असते, आणि ती कुकरच्या शिटीसारखा दीर्घ फूत्कार करते. येथेही मघाचाच नियम : लांबून ओळखावे, हात लावू नये. डुरक्या घोणशीस विष नसले तरी तिचा चावा कडकडून बसतो.

दंश झाल्यास

साप कोणताही असो, दंश झालेल्या माणसास तत्काळ दवाखान्यात न्यावे. जखम कापू नये, तोंडाने रक्त ओढू नये, आवळपट्टी बांधू नये, व मांत्रिकाकडे घटकाही घालवू नये. रोग्यास धीर द्यावा, चालवू नये, दंशाचा हात अथवा पाय फळीस सैलसर बांधून स्थिर ठेवावा. सूज येण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

दवाखान्यात दाखविण्यासाठी साप मारून नेण्याची पद्धत आहे. ती अनावश्यक असून धोक्याचीही आहे, कारण तुटलेले डोकेसुद्धा काही काळ चावू शकते. भारतात तयार होणारी सर्पविषावरील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप कोणता हे न कळताही उपचार होतो. डॉक्टर लक्षणे पाहतात, थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते किंवा नाही याची परीक्षा करतात, व त्यावरून लस द्यावयाची की नाही ते ठरवितात. लसीचीही काही रोग्यांना तीव्र बाधा होते, म्हणून कवड्या चावलेल्या माणसाने ती हट्टाने मागू नये. परंतु चोवीस तास देखरेखीखाली राहण्यास नकारही देऊ नये.

घरात साप शिरल्यास मुले व जनावरे दूर करून, त्याच्यावर लांबूनच नजर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सरपण व गोवऱ्या घराच्या भिंतीस लागून रचू नयेत. थोड्या अंतरावर, जमिनीपासून उंच फळीवर रचाव्यात. धान्य सांडू न दिल्यास उंदीर कमी होतात व त्यांच्या मागे येणारे नाग-घोणसही. रात्री रानात पाणी द्यावयास जाताना बूट, काठी व बॅटरी बरोबर असावी, आणि गंजीत हात घालण्यापूर्वी काठीने ती हलवून घ्यावी. खत उपसताना वाळा आढळल्यास खोऱ्यानेच मातीसह उचलून बाजूच्या ओलीत ठेवावा; क्षणभरात तो आपणहून खाली जातो.