विटा पाडणारे हात आणि बसालेलाचे कौशल्य

अभ्यासासाठी शास्त्रभाग : निर्गम ३१:१-११; ३५:२०-३५; ३६:२-७



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या वसतिगृहातील मुलांसाठी संगणकावर आराखडे काढणे, त्यावरून वस्तू तयार करणे आणि छोटे रोबोट बनवणे यांचा वर्ग घेतला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यानंतर काही मंडळ्यांतून एकच प्रश्न आला. "आदिवासी मुलांना रोबोट कशाला? आधी वाचन आणि पाढे पक्के होऊ द्या." प्रश्न रास्त आहे आणि तो प्रेमापोटी विचारला आहे. म्हणून या अंकातील अभ्यास त्याच प्रश्नावर घेत आहोत.

१. आत्म्याने भरलेला कारागीर

पवित्र शास्त्रात देवाच्या आत्म्याने भरलेला असे सर्वांत आधी कोणाविषयी म्हटले आहे? आपल्या मनात संदेष्टा, याजक किंवा राजा येतो. पण ते म्हटले आहे एका कारागिराविषयी. यहूदा वंशातील बसालेल याला देवाने नाव घेऊन बोलावले, आणि दान वंशातील अहलियाब याला त्याच्या जोडीला दिले. सोने, रुपे व पितळ यांची कामे योजून काढणे, रत्ने पैलू पाडून जडवणे, लाकडाचे कोरीव काम करणे, यासाठी त्याला बुद्धी दिली असे ३१ व्या अध्यायात सांगितले आहे. आधी मनात आराखडा योजायचा आणि मग तो हातांनी घडवायचा, हे दोन्ही त्या एकाच दानात आले.

हे लोक नुकतेच कुठून आले होते, तेही पाहा. मिसर देशात ते मातीच्या विटा करत होते. फारोने गवत देणे बंद केले, पण विटांचा रोजचा आकडा कमी केला नाही (निर्गम ५). वीट कशी असावी, हे त्यांना कोणी विचारत नव्हते; किती झाल्या एवढेच विचारत होते. अशा लोकांतून देवाने योजना करणारे कारागीर उभे केले. सुटका म्हणजे फक्त मुकादमाच्या हाताखालून निघणे नव्हे; ज्या डोक्याला कोणी काही विचारले नाही, त्याला विचार करण्याचे काम मिळणे, हाही सुटकेचाच भाग आहे.

२. वर्गात नेमके काय शिकवले जाते

ज्यांनी असा वर्ग पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला भाग आराखड्याचा. मूल संगणकावर एखाद्या डब्याच्या सहा बाजू मापासह काढते. दुसरा भाग घडवण्याचा. लेझर कटर नावाचे यंत्र प्रकाशाच्या प्रखर किरणाने त्या रेघांवरून प्लायवूड कापते. थ्री-डी प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू उभी करतो. मक्यासारख्या पिकांच्या पिष्टापासून केलेले प्लास्टिकही त्यात चालते. तिसरा भाग रोबोटचा. रोबोट म्हणजे सिनेमातला लोखंडी माणूस नव्हे. जे यंत्र काहीतरी जाणते, त्यावरून ठरवते आणि मग हालचाल करते, तो रोबोट. पाण्याची टाकी भरत आली की तारेला पाणी लागते, आर्डुइनोची छोटी पट्टी ते ओळखते आणि मोटार बंद करते. एवढे करता आले, तरी तिन्ही पायऱ्या समजल्या.

शिस्तही शिकावी लागते. लेझरखाली पीव्हीसी कधीच ठेवायचे नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो. यंत्र चालू असताना जागा सोडायची नाही. अवजार जागच्या जागी परत ठेवायचे. पाढ्यांचे म्हणाल, तर माप घेतल्याशिवाय इथे एकही वस्तू जुळत नाही. दशांश अपूर्णांक फळ्यावर ज्यांना नकोसे वाटत होते, ती मुले इथे ते स्वतःहून विचारू लागली.

३. विटेचा साचा

एके दिवशी डब्याच्या बाजू एकमेकींत बसवताना सगळ्यांचेच सांधे सैल झाले. माप तर बरोबर होते. कारण असे की, लेझर जिथून जातो तिथले थोडे लाकूड जळून जाते. खाच किंचित रुंद होते आणि दाता किंचित बारीक होतो. दशांश मिलिमीटरचा फरक, पण डबा खिळखिळा होतो. हे मी समजावू लागलो, तेव्हा सातवीतली एक कातकरी मुलगी म्हणाली, "मग दाता आधीच मोठा काढायचा, सर. विटेचा साचापण विटेहून मोठाच असतो. वाळली की वीट आटते."

माझा अर्ध्या तासाचा पाठ तिने दोन वाक्यांत संपवला. ती लहानपणापासून आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जात आली आहे. तिथे जे तिने पाहिले, ते आजवर कोणी शिक्षण म्हणून मोजले नव्हते, आणि मीही नाही. खैरापासून कात काढणारा तो हा समाज. कातकरी हे नावच त्या कामावरून आले. साहित्य ओळखणे, आच ओळखणे, माप धरणे, हे या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण यंत्र आणले, पण कौशल्य आपण आणले असे समजू नये. ते देणारा आपल्या आधीच तिथे पोहोचलेला होता.

४. शिकवण्याचे दान

निर्गम ३५:३४ मध्ये एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. देवाने बसालेल व अहलियाब यांना काम करण्याचीच नव्हे, तर दुसऱ्यांना शिकवण्याचीही बुद्धी दिली. एकाच्या हातात राहिलेले कौशल्य निवासमंडप उभा करू शकत नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातच याचे चांगले उदाहरण आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ. ते काम सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलेही हाताने काम करत करत शिकू शकतात, ही त्यांची धारणा होती. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 'फॅब लॅब' म्हणजे वस्तू घडवण्याची संगणकीय कार्यशाळा आपल्या आवाराबाहेर प्रथम सुरू केली, तीही पाबळला. जगात आज अशा कार्यशाळा कितीतरी देशांत आहेत. सुरुवातीच्या पावलांत एक खेडे होते. तेव्हा ही विद्या शहरातल्या मुलांचीच, असे म्हणण्याचे कारण नाही. फक्त जो शिकला त्याने पुढच्याला शिकवले पाहिजे. यंदा वर्गातील मोठ्या मुलांनी लहानांना संगणकावर रेघ काढायला शिकवले, तेव्हा मला ३४ वे वचन आठवले.

५. जे आले नाहीत

आता मन मोकळे करून सांगायची गोष्ट. हा वर्ग मे महिन्याच्या सुरुवातीला घेतला, कारण शिक्षकांना तेव्हाच सवड होती. पण वीटभट्ट्या पावसाच्या तोंडावर बंद होतात. दिवाळीनंतर उचल घेऊन गेलेली कुटुंबे तोवर परतलेली नसतात. ज्या मुलांसाठी हा वर्ग सर्वांत जास्त गरजेचा, तीच मुले त्या दिवसांत विटा उलटत होती. साच्याविषयी बोलणारी मुलगी आली, ती केवळ वसतिगृहात राहते म्हणून. तिचा धाकटा भाऊ भट्टीवरच होता. नियोजनातली ही चूक आमची आहे.

म्हणून पुढच्या वर्षी वर्गाचे दोन भाग करायचे ठरवले आहे. एक वसतिगृहात, आणि दुसरा भट्ट्या बंद झाल्यावर शाळा उघडण्यापूर्वीच्या दिवसांत, थेट वाडीवर. मोठी यंत्रे तिकडे नेता येणार नाहीत. पण दोन लॅपटॉप, काही आर्डुइनो, पुठ्ठा, कात्री आणि मापपट्ट्या एका पेटीत मावतात.

मंडपासाठी देण्याची वेळ आली तेव्हा कोणी सोने दिले, कोणी लाकूड दिले आणि स्त्रियांनी बकऱ्यांचे केस कातून दिले. देणग्या इतक्या आल्या की मोशेला पुरे म्हणावे लागले (३६:६-७). आम्हाला तुमच्याकडून नवे यंत्र नको आहे. मंडळीत कोणी वायरमन, सुतार, फिटर किंवा संगणक शिकवणारे असतील, त्यांनी आठ दिवस द्यावेत. आहे ते यंत्र दुरुस्त करणारा माणूस हेही मोठे दान आहे.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. हाताने काम करणाऱ्याच्या कौशल्याला आपण देवाचे दान मानतो का? आपल्या बोलण्यातून ते दिसते का?
२. आपल्या मंडळीत असे कोणते कौशल्य आहे, जे पुढच्या पिढीला शिकवायचे राहून गेले आहे?
३. आपल्या सोयीच्या वेळेमुळे आपल्या सेवेपासून कोण दूर राहते?

प्रार्थना

हे प्रभू, तू नासरेथात सुताराच्या कामात हात घातलेस. आमच्या लेकरांच्या हातांना आणि बुद्धीला आशीर्वाद दे. जी मुले आज भट्टीवर आहेत, त्यांची नावे तुला ठाऊक आहेत; त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट आम्हाला दाखव. आमेन.