निद्रा, नैराश्य आणि निवृत्तीनंतरचे आयुष्य

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा परिसर कारखान्यांनी गजबजून गेला. त्या वेळी तारुण्यात येथे आलेला कामगार आज वृद्धापकाळात आहे. पुढे उद्योग चाकणपर्यंत विस्तारले आणि तेथे नोकरीस लागलेल्या मुलांपाठोपाठ गावाकडील आई-वडीलही सदनिकांत राहावयास आले. या ज्येष्ठांचे नैराश्य आणि त्यांची बिघडलेली झोप यांचा परस्परसंबंध समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली. साठी ओलांडलेल्यांपैकी ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता दर्शविणारी लक्षणे आढळली; मात्र नैराश्याचे निदान झाल्याचे केवळ ०.८ टक्के व्यक्तींनी सांगितले. ही दहापट तफावतच प्रश्नाचे गांभीर्य सांगून जाते. आपल्याकडील वृद्ध ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘जीव रमत नाही’, ‘घास उतरत नाही’, ‘डोळ्याला डोळा लागत नाही’ अशी त्यांची भाषा असते. ती ऐकून ‘आता वय झाले’ असे म्हणणे, म्हणजे उपचार होऊ शकणारा आजार तसाच राहू देणे होय.

नैसर्गिक बदल कोणता, आजार कोणता?

वाढत्या वयात गाढ झोपेचा काळ कमी होतो. झोप लवकर येते आणि लवकर मोडते. देहू-आळंदीच्या परिसरात पहाटे चारला उठून काकड आरतीस जाणारे व दिवसभर प्रसन्न असणारे आजोबा निद्रानाशाचे रुग्ण नव्हेत. परंतु पहाटे जाग येऊन मनात अपराधी, निरर्थक विचार घोळत असतील, आवडत्या गोष्टींत गोडी उरली नसेल, भूक व वजन घटले असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर नैराश्याची तपासणी आवश्यक ठरते.

नैराश्यामुळे झोप बिघडते आणि दीर्घकाळ बिघडलेली झोप नैराश्यास आमंत्रण देते. औद्योगिक वसाहतीत आणखी काही कारणांची भर पडते. ज्याचा दिवस वर्षानुवर्षे पाळीने बांधलेला होता, त्याचे वेळेचे ते बंधन निवृत्तीनंतर एकाएकी सुटते. दुपारची झोप लांबते, रात्रीची आखडते. लहान घरात मुलगा रात्रपाळीहून परतला की वृद्धांचीही झोप मोडते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. एवढ्यावर औषधपाणी भागविणाऱ्याची चिंता समजण्याजोगी आहे. गावाकडून आलेल्या आईला तर पार, ओटा, शेजार यांपैकी काहीच उरत नाही.

तपासणी व उपचार

वृद्धांच्या नैराश्यासाठी ‘होय-नाही’ स्वरूपाची १५ प्रश्नांची मापनपट्टी जगभर वापरली जाते; पाचपेक्षा अधिक गुण मिळाल्यास सखोल तपासणी करावी लागते. या पट्टीत झोपेविषयी एकही प्रश्न नाही. म्हणून झोपेची चौकशी स्वतंत्रपणे करावयास हवी. रात्री वारंवार लघवीस उठणे, सांधेदुखी, थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, घोरताना श्वास अडणे यांचाही शोध घ्यावा लागतो.

झोपेची गोळी परस्पर आणून घेणे वृद्धांसाठी धोक्याचे आहे. तोल जाऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे, स्मृतिभ्रंशासारखा गोंधळ होणे हे तिचे संभाव्य परिणाम आहेत. दीर्घकाळ सुरू असलेली गोळीही एकाएकी बंद करू नये. ती वैद्यकीय सल्ल्याने हळूहळू कमी करावी. उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, सकाळच्या उन्हात चालणे, दुपारची झोप अर्ध्या तासापुरती मर्यादित ठेवणे, सायंकाळनंतर चहा टाळणे आणि झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, हे साधे उपाय निष्ठेने पाळल्यास गुण येतो. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. तोवर धीर सोडू नये.

जीवनमान केवळ रक्तदाबाच्या आकड्यांवरून ठरत नाही. आपण कोणाला तरी हवे आहोत ही जाणीवही तितकीच मोलाची असते. महापालिकेची विरंगुळा केंद्रे, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळे यांचे स्थान म्हणूनच औषधाच्या जोडीचे आहे. ‘आता जगून काय करायचे’ हे शब्द मात्र कधीही थट्टेवारी नेऊ नयेत. अशा वेळी रुग्णास एकटे न सोडता त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

ज्या हातांनी ही उद्योगनगरी उभारली, त्या हातांना उतारवयात शांत झोप लाभावी, ही जबाबदारी कुटुंब, समाज आणि रुग्णालय या तिघांची आहे. घरातील ज्येष्ठांना ‘जेवलात का?’ असे आपण रोज विचारतोच. ‘रात्री झोप लागली का?’ हेही विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.