उभी बाटली आणि आडवी बाटली

पाठ : एस्तेर, अध्याय ४

एस्तेर राणी शूशन राजवाड्यात असता तिच्या लोकांच्या नाशाचा हुकूम सुटला. मर्दखयाने तिला निरोप पाठविला, त्याचा भावार्थ असा की, ह्या समयी तू मुकी राहिलीस तर तुझाही बचाव होणार नाही. मौन धरणारा मनुष्य कोणत्याच पक्षाचा नसतो, असे आपण समजतो. परंतु तसे नाही. त्याचे मौन एका पक्षास मिळतेच.

हे सत्य आपल्या गावीही दिसून येते. दारूच्या दुकानापायी रस्त्यावर शिवीगाळ होते, घरात मारहाण होते, व मुलीबाळींस सांजवेळी त्या वाटेने जाण्याची भीती वाटते. ह्यावर उपाय म्हणून महाराष्ट्र सरकारने इ. स. २००८ मध्ये आदेश काढून गावाच्या हाती एक साधन दिले. गावातील किमान २५ टक्के स्त्री-मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, म्हणजे परवान्याच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेण्यात येते. दुकान राहावे असे ज्यांस वाटते त्यांची खूण उभी बाटली. बंद व्हावे असे वाटते त्यांची आडवी.

आता नीट लक्ष द्यावे. दुकान बंद होण्यास आलेल्या मतांचा नव्हे, तर यादीतील एकंदर स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिकांचा कौल लागतो. समजा, यादीत ४०० स्त्रिया आहेत. १९० जणींनी आडव्या बाटलीस मत दिले, २० जणींनी उभ्या बाटलीस दिले, व १९० जणी घरी बसल्या. तर दुकान चालूच राहील! घरी बसलेल्या भगिनींनी दारूचा एक थेंबही चाखला नसेल; तरी त्यांचे मौन उभ्या बाटलीच्याच पदरी पडले.

कोणी म्हणेल, “घरधन्याचे भय वाटते.” एस्तेरलाही भय होते. बोलावल्यावाचून राजापुढे जाणाऱ्यास मरणाची शिक्षा होती. म्हणून तिने शूशनातील सर्व यहूद्यांस आपल्यासाठी तीन दिवस उपास करावयास सांगितले. ती एकटी गेली खरी, परंतु तिच्या पाठीशी सर्व लोक होते. तद्वत् पुरुषांनी मतदानाच्या दिवशी घरचे काम व लेकरे सांभाळावी. भगिनींनी जोडीजोडीने जावे. मंडळीने प्रार्थना करावी. मत गुप्त असते; ते कोणी कोणास विचारू नये.

तरी दुकानदाराचा द्वेष करू नये. त्यास धमकी देणे वा वाळीत टाकणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही, आणि सामाजिक बहिष्कार हा इ. स. २०१६ च्या कायद्याने गुन्हाही आहे. तसेच चोरट्या हातभट्टीस मतदानाची गरज नाही. तिची वर्दी पोलिसांस द्यावी.

कायदा बाटली आडवी करील. पिणाऱ्यास उभे करणे हे मंडळीचे काम आहे.

विचारावयाचे प्रश्न : (१) एस्तेरचे मौन कोणाच्या कामी आले असते? (२) आपल्या मंडळीतील कोणत्या भगिनीस सोबतीची गरज आहे? (३) दारू सोडू पाहणाऱ्या बंधूस आपण ह्या आठवड्यात काय साहाय्य करू?