हुरड्याची रात्र आणि सोबतची वीज

पौष मास लागून ज्वारीच्या कणसांतील दाणा भरूं लागला, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यांत हुरड्याचीं आमंत्रणें सुरू होतात. गंगाखेडकडील गोदाकांठ असो, जिंतूरकडील माळ असो, किंवा दुधनेच्या कांठची काळी कसदार जमीन असो. ज्याच्या शेतांत गुळभेंडीचीं चार तासें उभीं आहेत, त्याच्या घरीं पाहुण्यांस तोटा नाहीं. आगटींत गोवऱ्यांचा विस्तव फुलवावा, कणसें भाजून हातावर चोळावीं, आणि गूळ, दहीं व तिळाची चटणी यांबरोबर ते कोंवळे दाणे गरम गरम खावे. या सुखास विजेची कांहींच गरज नाहीं. आपले आजे-पणजे हा सोहळा चांदण्यांत, कंदिलाच्या उजेडांत आणि पुढें पेट्रोमॅक्सच्या झगझगीत प्रकाशांत करीत आले.

परंतु काळ पालटला आहे. आतां हुरड्यास निघतांना दिव्यांची माळ, गाण्यांसाठीं ध्वनिवर्धक आणि मोबाइल भारण्याची सोय हीं सामानांत असतातच. अमेरिकेंत फुटबॉलच्या सामन्यापूर्वीं लोक मैदानाबाहेर मोटारी उभ्या करून, त्यांचें मागील फळकें उघडून, तेथेंच रांधितात व जेवितात. त्यांसही आपल्याप्रमाणेंच प्रश्न पडतो, कीं सोबत न्यावयाची वीज कोणती? दुकानदार सांगेल ती घ्यावी, असें उत्तर पुष्कळ जण देतात. तें उत्तर किती अपुरें आहे, हें आम्ही एका कटु अनुभवानें शिकलों. तो अनुभव पुढें सांगूंच. प्रथम हिशेबाकडे वळूं.

वॉट व वॉट-तास

विद्यार्थी मित्रहो, शेतांतील हौदाची कल्पना करा. नळांतून एका वेळीं किती जाड धार पडते हा एक प्रश्न, आणि हौदांत एकंदर पाणी किती आहे हा दुसरा. विजेचेंही असेंच आहे. धारेच्या ठिकाणीं वॉट आणि हौदांतील पाण्याच्या ठिकाणीं वॉट-तास समजावे. स्कॉटलंडमधील जेम्स वॉट (१७३६–१८१९) या यंत्रज्ञाच्या नांवावरून वॉट हें शक्तीचें माप पडलें. नऊ वॉटचा दिवा एक तास जळला म्हणजे नऊ वॉट-तास वीज खर्च होते. चार तास जळला म्हणजे छत्तीस. व्होल्टांस अँपिअरनीं गुणिलें असतां वॉट निघतात, हें तुम्ही वर्गांत शिकलांच आहां.

आतां साठ माणसांच्या हुरड्याचा हिशेब करूं. नऊ वॉटचे सहा दिवे चार तास जळले, तर २१६ वॉट-तास लागतील. तीस वॉटचा ध्वनिवर्धक तीन तास चालला, तर ९०. दहा मोबाइल भारावयाचे, प्रत्येकीं १५ धरले, तर १५०. एकूण बेरीज ४५६ झाली. परंतु बॅटरींतील वीज इन्व्हर्टरमधून घरगुती विजेच्या रूपांत आणितांना कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. शेंकडा पंधरा तूट धरली, तर ४५६ मिळण्यासाठीं बॅटरींतून सुमारें ५३६ वॉट-तास काढावे लागतात. अडीअडचणीसाठीं पाव भाग अधिक ठेवावा. म्हणजे ६७० वॉट-तासांची बेगमी आपणांस हवी.

येथें एक भूल नेहमीं होते. चहासाठीं विजेची किटली न्यावी असें कोणास वाटतें. ती १५०० वॉटची असून दहा मिनिटें चालली, तर खर्च २५० वॉट-तासच होतो. हौदांत तेवढें पाणी असतेंही. परंतु पेटीची धार जर ५०० वॉटचीच असेल, तर किटली लावितांच पेटी बंद पडेल. म्हणून पेटी घेतांना दोन्ही आंकडे पाहावे; एकावर भुलूं नये. तसेंच मोबाइल भारण्याच्या लहान डबीवर २०,००० मिलिअँपिअर-तास असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. तो आंकडा तिच्या आंतील ३.७ व्होल्टच्या घटाचा असतो. वीस अँपिअर-तासांस ३.७ नीं गुणिलें तर अवघे ७४ वॉट-तास निघतात. मोठा आंकडा म्हणजे मोठी शक्ति नव्हे, हें गणितच आपणांस सांगतें.

साधनांची निवड

पहिलें साधन शिशाची बॅटरी. इटलीच्या व्होल्टानें १८०० सालीं पहिला विद्युत्घट सिद्ध केला, आणि १८५९ सालीं फ्रान्सच्या प्लांटेनें पुन्हां पुन्हां भारतां येईल अशी शिशाची बॅटरी केली. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी १८०० वॉट-तास देते असें कागदावर दिसतें. परंतु ती दर वेळीं निम्म्याखालीं उतरविली तर लवकर खराब होते, म्हणून ९०० च हिशेबांत धरावे. आपलें काम त्यांत भागतें. मात्र तिचें वजन पन्नास किलोंच्या आसपास किंवा अधिक असतें, आंत आम्ल असतें, आणि भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. ती घरींच, मोकळ्या हवेंत, विस्तवापासून दूर भरून घ्यावी व उभी ठेवूनच न्यावी. मोटारीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी हें काम करण्यासाठीं नसते. ती यंत्र सुरू करतांना क्षणभर मोठा जोर देण्यासाठीं केलेली असते. रात्रभर दिवे जाळून ती उतरविली, तर पहांटे ट्रॅक्टर ढकलण्याची पाळी येते.

दुसरें साधन लिथियमची बॅटरी. ही १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ सालीं तिघां शास्त्रज्ञांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. लोह-फॉस्फेट जातीची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२८० वॉट-तासांची असून, तिचे शेंकडा ऐंशी भाग निर्धास्त वापरतां येतात. म्हणजे हजाराहून अधिक. वजन मात्र बारा-तेरा किलो. किंमत प्रथम जड वाटते, परंतु शिशाच्या बॅटरीहून ती कितीतरी अधिक वेळां भारतां येते. वर्षांतून एकदांच हुरडा करणाऱ्यानें ती विकत घेण्याऐवजीं भाड्यानें किंवा चार घरांत मिळून घ्यावी.

तिसरें साधन सूर्य. हिवाळ्यांतील मराठवाड्याचें आकाश स्वच्छ असतें. शंभर वॉटची सौर पाटी दिवसभर दक्षिणेकडे तोंड करून तिरपी ठेविली, तर तुटी वजा जातां साधारण साडेतीनशें ते चारशें वॉट-तास पदरांत पडतात. परंतु हुरड्याची मौज रात्रीची. म्हणून पाटीस बॅटरीची जोड लागतेच, आणि आपल्या बेगमीसाठीं तिला दोन दिवस आधीं उन्हांत ठेवावें लागतें. ज्या शेतांत सौर पंप आहे तेथें त्याच्या पेटींतून तार काढण्याचा मोह पुष्कळांस होतो. पंपाच्या पाट्यांचा दाब घरगुती उपकरणांस मानवणारा नसतो. जाणत्या माणसावांचून त्यांस हात लावूं नये.

चवथें साधन पेट्रोलचा जनरेटर. लहानसें यंत्र तासास साधारण अर्धा लिटर पेट्रोल खातें. मंडप मोठा असेल, पंप चालवावयाचा असेल, तर त्यासारखें दुसरें साधन नाहीं. परंतु सहा दिव्यांसाठीं तें नेणें म्हणजे चिमणी मारावयास तोफ नेणें होय. शिवाय त्यांतून निघणाऱ्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो श्वासाबरोबर आंत गेला, कीं रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट बळानें जोडला जातो, आणि शरीर प्राणवायूवांचून तळमळूं लागतें. झोंपलेल्या माणसास तर हें कळतही नाहीं.

आमच्या हातून घडलेली चूक

हें ज्ञान आम्हांस पुस्तकांत होतें. अंगीं मुरलें नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं सेलूच्या बाजूस एका पालकाच्या शेतावर आम्हीं मुलांस हुरड्यास नेलें होतें. भाड्यानें जनरेटर आणिला होता. मुलांचीं गाणीं सुरू झालीं, आणि यंत्राच्या घरघरींत शब्द ऐकूं येईनात. तेव्हां आम्हींच दोघां मोठ्या मुलांस सांगून तें यंत्र आखाड्यावरील पत्र्याच्या खोलीमागें नेऊन ठेविलें. आवाज कमी झाला, आणि आपल्या युक्तीचें आम्हांस समाधान वाटलें. त्या खोलींत थंडीमुळें पांच लहान लेंकरें गोधड्यांत निजविलीं होतीं, आणि मागील झरोका उघडा होता, हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं.

तासाभरानें यजमानांच्या आई लेंकरांस पांघरूण घालावयास गेल्या. एकास उलटी झाली होती, आणि दोघें हलविलीं तरी नीट जागीं होत ना. आम्हीं धांवत जाऊन पाहिलें व म्हटलें, "हुरडा बाधला असेल." आजी म्हणाल्या, "मास्तर, ह्या लेकरांनी हुरडा तोंडात तरी घातला का? आल्या-आल्या निजली की! आधी उचला, बाहेर काढा." पदवीधर शिक्षकास जें सुचलें नाहीं, तें शाळेचें तोंड न पाहिलेल्या त्या माउलीस सुचलें, कारण तिनें जें घडलें होतें तें पाहिलें, आणि आम्हीं आपला तर्क लढविला.

यंत्र बंद केलें, लेंकरें मोकळ्या हवेंत आणिलीं, आणि जीपमधून दवाखान्यांत नेलीं. तेथें प्राणवायु दिल्यावर पहांटेपर्यंत पांचही जण बोलूं-हंसूं लागलीं. ती रात्र आम्ही विसरलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं प्रत्येकाच्या घरीं जाऊन आम्हीं आपली चूक आपल्या तोंडानें सांगितली. कोणी रागावले, कोणी गप्प राहिले. एक आई म्हणाली, "मास्तर, सांगितलंत हे बरं केलंत. पण पुढच्या साली दुसरे मास्तर पोरं घेऊन जातील, त्यांना हे कोण सांगणार?" त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून हा लेख लिहिला आहे.

म्हणून नियम असा, कीं जनरेटर माणसांपासून, तंबूपासून व खोलीच्या दारा-झरोक्यांपासून निदान वीस फूट दूर, आणि वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूस, उघड्यावर ठेवावा. जवळ कडबा नसावा. यंत्र चालू अथवा तापलेलें असतां पेट्रोल ओतूं नये. डोकें दुखणें, गरगरणें, मळमळणें अशीं लक्षणें एकाच ठिकाणच्या अनेकांस एकदम दिसलीं, तर अन्नास दोष देत न बसतां प्रथम सर्वांस मोकळ्या हवेंत न्यावें, आणि मग विलंब न लावितां दवाखाना गांठावा.

तारेविषयीं दोन शब्द

बॅटरी एकीकडे आणि दिवे दूर आगटीजवळ, असें असलें म्हणजे तारेचा प्रश्न येतो. बारा व्होल्टवर ५४ वॉटचे दिवे लाविले तर तारेंतून साडेचार अँपिअर प्रवाह जातो. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वीस मीटर नेली, तर जाणारी व येणारी मिळून चाळीस मीटर होते, आणि तिचा अवरोध सुमारें ०.६९ ओहम भरतो. ०.६९ गुणिले ४.५ म्हणजे ३.१ व्होल्ट वाटेंतच नाहींसे झाले. दिवे मिणमिणूं लागतात, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीस दिला जातो. तेंच २३० व्होल्टवर प्रवाह पाव अँपिअरहूनही कमी असल्यामुळें तूट नगण्य होते. मात्र २३० व्होल्ट जीव घेऊं शकतात. ओल्या रानांत उघडा जोड चालणार नाहीं. जवळ असेल तर बारा व्होल्ट, दूर न्यावयाची असेल तर चांगल्या आवरणाची तार व घरगुती दाब, हें लक्षांत ठेवावें.

आणि जवळून जाणाऱ्या विजेच्या तारेवर आकडा टाकण्याचा विचार तर मनांतही आणूं नये. तो कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्यांत माणसें मरतात. शेतीच्या पंपांस अजूनही पुष्कळ ठिकाणीं वीज पाळीनें मिळते, आणि शेतकरी रात्रीं-अपरात्रीं उठून पिकास पाणी देतो. ज्याच्या घरचा हुरडा आपण खातों, त्याच्याच वांट्याच्या विजेवर आपले दिवे लावणें हें पाहुण्याचें वर्तन नव्हे.

सारांश, साठ माणसांच्या साध्या हुरड्यास हजार वॉट-तासांची लिथियमची पेटी, किंवा घरची भरलेली इन्व्हर्टरची बॅटरी पुरेशी आहे. जनरेटर न्यावाच लागला, तर त्याच्याजवळ एक जाणता मनुष्य नेमावा; आणि लेंकरें कोठें निजलीं आहेत, हें त्यानें प्रथम पाहून यावें. विजेच्या निवडींत किंमत, वजन व आवाज हे विचार करण्याजोगे आहेत खरे. परंतु सोबत नेलेलीं सर्व माणसें सुखरूप घरीं परत येणें, हा पहिला विचार होय.

विद्यार्थ्यांसाठीं उदाहरणें

१. बारा वॉटचे आठ दिवे पांच तास जाळावयाचे आहेत. शेंकडा पंधरा तूट धरून बॅटरींतून किती वॉट-तास काढावे लागतील?

२. सोबतच्या आजोबांस दम्याचा विकार आहे. औषधाचा वाफारा देणारें त्यांचें यंत्र १५० वॉटचें असून एका वेळीं पंधरा मिनिटें चालतें. रात्रींत दोन वेळां तें लागलें, तर वीज किती खर्च होईल? ती कोणत्या बेगमींतून द्यावी?

३. आपल्या घरच्या बॅटरीवरील आंकडे पाहून तिचे वॉट-तास काढा, आणि हुरड्यास निघण्यापूर्वीं हा हिशेब आई-वडिलांस वाचून दाखवा.