साधनांचा आदर व नित्याचे श्रम

आमच्या वाचक-कुटुंबांपैकी बहुतेकांस बेसबॉल हा खेळ नावापुरताच ठाऊक असेल. क्रिकेटचा तो दूरचा भाऊबंद होय. येथेही एकजण चेंडू फेकतो व दुसरा लाकडी बॅटीने तो टोलावितो. मात्र चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे येतो, आणि धावावयाचे ते चौकोनाच्या कोपऱ्यांवर मांडलेल्या चार तळांभोवती. क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा लाभ न घेता, केवळ आपल्या फटक्याच्या बळावर फलंदाज निदान पहिल्या तळापर्यंत सुखरूप पोहोचला, म्हणजे त्यास एक 'हिट' मिळाली असे म्हणतात. प्रस्तुत लेखापुरते एवढे ध्यानी ठेविले तरी पुरे.

या खेळाचा एक विशेष मात्र मुद्दाम सांगितला पाहिजे. क्रिकेटमधील कुशल फलंदाज जम बसल्यावर दिवसभर खेळपट्टीवर उभा राहू शकतो. बेसबॉलमध्ये उत्तमातला उत्तम फलंदाजही दहांपैकी सात वेळा हात हलवीत परततो. तीन वेळा यश मिळविणारास लोक थोर खेळाडू गणतात. ज्या व्यवसायात अपयश हेच रोजचे अन्न, त्यात वीस-पंचवीस वर्षे काढणारा मनुष्य श्रमाविषयी काय म्हणतो, हे ऐकण्यासारखे असते. म्हणूनच जपानचे विख्यात खेळाडू इचिरो सुझुकी यांचे विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

ता. २७ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतील कूपर्सटाउन गावी बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात इचिरो यांचा समावेश विधिपूर्वक झाला. आशिया खंडात जन्मलेल्या खेळाडूस हा मान प्रथमच मिळत होता. निवड करणाऱ्या ३९४ पत्रकारांपैकी ३९३ जणांनी त्यांस मत दिले होते. एरव्ही सार्वजनिक प्रसंगी दुभाष्याकरवी बोलणारे इचिरो त्या दिवशी इंग्रजीत बोलले. एवढ्या मोठ्या सभेत त्यांनी विक्रमांची जंत्री मांडत न बसता सांगितले काय, तर लहानपणापासून आपण आपल्या साहित्याची निगा कशी राखली ते. हातमोज्याची एखादी वादी सैल राहिल्यामुळे झेल सुटू नये, बुटांच्या खिळ्यांत अडकलेली माती न काढल्यामुळे धावताना पाय घसरू नये, एवढ्यासाठी ही काळजी. लहान गोष्टी सातत्याने केल्या तर मनुष्य कोठवर जाईल यास मर्यादा नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? नवे काहीच नाही. पण अमेरिकेतील व्यावसायिक संघांत बूट पुसण्यास, कपडे धुण्यास, साहित्य आवरण्यास नोकर असतात. कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूने स्वतः हातमोज्यास तेल लावीत बसावे अशी तेथे कोणाची अपेक्षा नसते. इचिरो सामना संपल्यावर आपल्या जागेवर बसून हे काम स्वतःच्या हातांनी करीत.

बॅटीविषयीही तसेच. जपानमध्ये त्यांच्या बॅटी इसोकाझू कुबोता नावाचे निष्णात कारागीर घडवीत. लाकूड आओदामो या वृक्षाचे. बॅटीस योग्य होण्यास त्या झाडाला कित्येक दशके लागतात. लाकडात दमटपणा शिरला की वजन बदलते व हातास लागलेले वळण चुकते, म्हणून इचिरो आपल्या बॅटी ओल शोषून घेणाऱ्या खास पेटीत ठेवीत. तरुणपणी एकदा बाद झाल्याच्या संतापात त्यांनी बॅट जमिनीवर आपटली. नंतर त्यांस पश्चात्ताप झाला व त्यांनी कुबोतांची क्षमा मागितली. क्षमा संघनायकाची नव्हे, प्रेक्षकांची नव्हे, तर बॅट घडविणाऱ्याची! आम्हांस या सर्व वृत्तांतात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. वस्तूमागे एक मनुष्य असतो, आणि वस्तूचा अनादर झाला की तो त्या मनुष्यापर्यंत पोहोचतो, हे ज्यास एकदा उमगले तो पुन्हा रागाच्या भरात हातातील वस्तू फेकणार नाही.

आपल्याकडे खंडेनवमीस सुतार करवत व पटाशी पुजतो, लोहार हातोड्यास फूल वाहतो. परंतु उरलेले वर्षभर त्या पटाशीवर गंज चढलेला असेल, तर त्या एका दिवसाच्या फुलास काय किंमत? आम्ही पुरोहिताच्या घरी वाढलो. पहाटे ताम्हन-पळी चिंचेने घासण्याचे काम आमच्याकडे असे, आणि खरे सांगावयाचे तर ते आम्ही कंटाळतच करीत असू. असो.

आता श्रमांकडे वळू. इचिरो यांचा जन्म ता. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी झाला. नागोया शहराजवळील तोयोयामा येथे त्यांचे बालपण गेले. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांनी लिहिलेला एक निबंध पुढे जपानमध्ये फार प्रसिद्ध झाला. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस आपण कठोर सराव करतो, सवंगड्यांबरोबर खेळावयास आठवड्यातून जेमतेम पाच-सहा तास मिळतात, म्हणून आपण व्यावसायिक खेळाडू होणारच, असे त्या बारा वर्षांच्या मुलाने लिहिले होते. वडील रोज त्याच्याकडून सराव करून घेत.

या ठिकाणी वाचकांपासून एक गोष्ट लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. मुलांपुढे आदर्श म्हणून असली चरित्रे ठेविताना आपण वडिलांच्या शिस्तीचे गोडवे गातो. इचिरो यांनी मात्र पुढे मोठेपणी सांगितले की, ती शिस्त जवळजवळ छळाच्या सीमेपर्यंत गेली होती व तिचा आपणांस फार त्रास झाला. मुलगा जगप्रसिद्ध झाला म्हणून बापाची रीत बरोबर ठरत नाही; त्याच रीतीने खेळाचाच वीट आलेली किती मुले असतील, त्यांची नावे कोणत्याही कीर्तिमंदिरात लिहिलेली नसतात. ज्या घरी मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत आवाज चढतो, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे अशी आमची नम्र विनंती आहे.

मग श्रम कोणाच्या धाकाने करावेत? २०२३ साली होक्काइदोतील आसाहिकावा येथील विद्यार्थ्यांस शिकवावयास इचिरो गेले होते, तेव्हा त्यांनी याच प्रश्नास हात घातला. आजच्या काळात मार्गदर्शकांस मुलांशी कठोर वागता येत नाही; तेव्हा मुलांनीच स्वतःशी कठोर व्हावयास हवे, आणि हे मुलांच्या दृष्टीने एक प्रकारे निष्ठुरच आहे, अशा अर्थाचे ते बोलले. धाक गेला म्हणजे ओझे हलके झाले असे नाही, ते वाहणारा खांदा तेवढा बदलला. बापाच्या धाकाची झळ ज्यांनी स्वतः सोसली, त्यांच्या तोंडून हे येते म्हणून त्यास वजन आहे.

आदर म्हणजे मुकाट्याने आज्ञापालन, असाही एक समज आपल्यात रूढ आहे. इचिरो यांचे वर्तन त्याहून निराळे होते. १९९२ साली ते कोबे येथील ओरिक्स संघात दाखल झाले. चेंडू येताच पुढचा पाय लंबकासारखा झुलवून फटका मारण्याची त्यांची पद्धत होती. ती तत्कालीन प्रशिक्षकांस पसंत नव्हती. पद्धत सोडण्यापेक्षा त्यांनी दुय्यम संघात खेळणे पत्करले, आणि तेथे केनइचिरो कावामुरा या मार्गदर्शकाबरोबर तीच पद्धत घोटली. कोणाशी भांडण मांडले नाही, कोणाची निंदा केली नाही. केवळ आपल्या अभ्यासाने जे खरे वाटले ते सोडले नाही. १९९४ साली अकिरा ओगी यांच्याकडे संघाची सूत्रे आली व त्यांनी या तरुणास नित्य खेळविले. त्या एका वर्षी इचिरो यांनी २१० हिट मिळविल्या. जपानमध्ये एका हंगामात २०० चा आकडा तोवर कोणीही गाठला नव्हता. तेव्हापासून सलग सात वर्षे फलंदाजीचा अग्रमान त्यांजकडेच राहिला.

२००१ साली ते अमेरिकेत सिअॅटल येथील संघात गेले. एवढ्या किरकोळ देहयष्टीचा मनुष्य तेथील धिप्पाड गोलंदाजांपुढे कसा टिकेल, अशी शंका पुष्कळांनी बोलून दाखविली होती. पहिल्याच वर्षी त्यांनी २४२ हिट मिळविल्या, व त्या वर्षापासून सलग दहा वर्षे दरसाल २०० हून अधिक.

२००४ सालची हकीकत थोडी विस्ताराने देतो. एका हंगामात सर्वाधिक हिट मिळविण्याचा विक्रम जॉर्ज सिसलर या खेळाडूच्या नावे होता. १९२० साली त्याने २५७ हिट मिळविल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षे तो अबाधित होता, इतका की सिसलरचे नावच लोक विसरत चालले होते. ता. १ ऑक्टोबर २००४ रोजी इचिरो यांनी तो मागे टाकला, आणि हंगाम २६२ वर संपविला. विक्रम मोडताच मैदानात जल्लोष उसळला. तेव्हा ते कुंपणापाशी गेले. तेथे सिसलरची वृद्ध कन्या व कुटुंबीय बसले होते. त्यांच्याशी त्यांनी हस्तांदोलन केले. सिसलरच्या काळी हंगामात सामने कमी असत, हेही खरे. त्यामुळे दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद रसिक अद्याप घालतात. पाच वर्षांनी, २००९ साली, सेंट लुईस येथे सामन्यानिमित्त गेले असता इचिरो पत्नीसह सिसलरच्या समाधीवर जाऊन आले. कूपर्सटाउन येथील संग्रहालयातही ते खेळत असतानाच अनेकदा गेले होते. पूर्वीच्या खेळाडूंच्या बॅटी हातात घेऊन पाहणे हा त्यांचा छंद होता. ज्याचा विक्रम आपण मोडतो त्याचे नाव आपल्यामुळे पुन्हा लोकांच्या जिभेवर यावे, याहून अधिक आदर तो कोणता?

अपयशाविषयी त्यांचे बोल विशेष मननीय आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये जपान व अमेरिका मिळून त्यांच्या ४००० हिट पूर्ण झाल्या. अभिनंदनाचा वर्षाव होत असता ते म्हणाले की, या चार हजारांसाठी आठ हजारांहून अधिक वेळा निराशा पदरी आली आहे. अभिमान बाळगावयाचाच तर त्या निराशांना आपण सामोरे गेलो याचा बाळगावा. हिशेब करून पाहिल्यास वाचकांस दिसेल की यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

खेळाडूने प्रेक्षकांचा आदर कसा राखावा, हाही त्यांच्या कूपर्सटाउनच्या भाषणातील एक विषय होता. दहा धावांनी पुढे असो वा दहा धावांनी मागे, हंगामाचा पहिला दिवस असो वा एकशे बासष्टावा सामना, आपल्या उत्साहात फरक पडता कामा नये. अखेरचा गडी बाद होईपर्यंत आपण सामान बांधावयास कधी सुरुवात केली नाही, असे त्यांनी सांगितले. तिकिटाचे पैसे देऊन आलेल्या मनुष्याचा वर्षातील तो एकच दिवस असू शकतो, हे त्यांच्या मनात सदैव असे.

मे २०१८ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, सिअॅटल संघाने त्यांस खेळाडूंच्या यादीतून काढून सल्लागार नेमले. त्या हंगामात पुन्हा सामना खेळावयाचा नाही असे ठरले होते. तरीही ते रोज मैदानावर येत, इतरांबरोबर सर्व सराव करीत, आणि सामना सुरू झाला की आत जात. हंगाम संपेपर्यंत हा क्रम चालला. पुढील वर्षी निवृत्त होताना त्यांनी सांगितले की, इतके विक्रम असले तरी त्या महिन्यांचाच आपणांस थोडासा अभिमान वाटतो. ते दुसऱ्या कोणास कदाचित जमले नसते. इतरांपेक्षा मी अधिक श्रम केले असे मला म्हणता येणार नाही, मात्र माझ्या परीने केले एवढे निश्चित सांगू शकतो, तराजू ज्याच्या त्याच्या आत असतो, अशा आशयाचे उद्गारही त्यांनी त्याच वेळी काढले.

तो दिवस होता २१ मार्च २०१९, स्थळ टोकियो. शेवटच्या सामन्यात त्यांस चार वेळा संधी मिळाली व एकही हिट मिळाली नाही. आठव्या डावात ते मैदानाबाहेर आले. सामना संपला तरी प्रेक्षक जागचे हलले नाहीत. तेव्हा इचिरो पुन्हा बाहेर आले आणि त्यांनी मैदानास एक फेरी घातली.