पंजा पाहून पॅडल, खांदा पाहून सराव

आमच्या पिढीतले बहुतेक जण विहिरीत, नाहीतर नदीच्या डोहात पोहायला शिकले. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधला आणि वरून कोणी ढकलून दिले की शिक्षण सुरू! आता अनेक लहान गावांतही तरण तलाव झाले आहेत, प्रशिक्षक मिळू लागले आहेत आणि मुले स्पर्धांत उतरत आहेत. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० साली ग्वांगझू येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात कांस्यपदक मिळवले. आपल्याकडची मुले कुठवर जाऊ शकतात, हे त्यातून दिसले.

मात्र पोहणाऱ्या मुलांबरोबर त्यांची साहित्याची पिशवीही मोठी होत चालली आहे. चष्मा आणि टोपी यांच्या जोडीला आता हँड पॅडल आले आहे. हाताच्या तळव्याला रबरी नळीने अडकवायची ही प्लॅस्टिकची पाटी. ‘डॉक्टर, मुलाला पॅडल घेऊन द्यावे का? कोणते घ्यावे?’ असे पालक मला हल्ली वरचेवर विचारतात. खांदा दुखतो म्हणून येणाऱ्या पोहणाऱ्यांनाही मी पहिला प्रश्न पॅडलचाच विचारतो. म्हणून आजचा लेख या विषयावर.

पॅडल काय करते?

पोहताना आपण हाताने पाणी मागे लोटतो आणि त्यामुळे अंग पुढे जाते. तळव्याचे क्षेत्रफळ वाढले की एका हातात जास्त पाणी धरले जाते. नावेच्या वल्ह्याचे पाते रुंद असते ते याच कारणासाठी.

ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन (जन्म १७०६) यांनी बोस्टनमध्ये लहानपणी लाकडाच्या दोन लंबगोल फळ्या बनवल्या होत्या. त्या सुमारे दहा इंच लांब आणि सहा इंच रुंद होत्या, आणि अंगठा घालण्यासाठी त्यांना भोक होते. या फळ्यांनी वेग वाढला, पण मनगटे दमली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पॅडलचा फायदा आणि तोटा असा तेव्हाच नोंदवला गेला. आजचे पॅडल प्लॅस्टिकचे असले तरी हिशेब तोच आहे.

एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. पॅडल हे फक्त सरावाचे साधन आहे. वेग वाढवणारे असे साधन स्पर्धेत वापरता येत नाही. त्यामुळे पॅडल घालून मुलगा किती वेगात पोहला, यावर खूश होण्यात अर्थ नाही. पॅडल काढल्यावर त्याचा हात सुधारला का, एवढेच पाहायचे.

भार खांद्यावर का येतो?

पॅडल हातात असले तरी त्याचा भार सोसतो तो खांदा. मांडीचा सांधा खोल उखळीत बसवलेला असतो. खांद्याचा सांधा मात्र उथळ बशीत चेंडू ठेवावा तसा असतो. त्यामुळेच हात सर्व दिशांना फिरतो. पण या चेंडूला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः चार लहान स्नायूंना करावे लागते. वैद्यकीय भाषेत त्यांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हे स्नायू थकले की चेंडू जागचा थोडा सरकतो आणि वरच्या हाडाखाली स्नायूंची दोरी घासू लागते. तिथे सूज येते आणि दुखणे सुरू होते. केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी १९७४ साली या दुखण्याला ‘स्विमर्स शोल्डर’ म्हणजे ‘पोहणाऱ्याचा खांदा’ असे नाव दिले.

आता थोडे गणित करू. २५ मीटरच्या तलावात एका लांबीला २० हात लागतात असे धरा, म्हणजे एका खांद्याला १०. दोन किलोमीटर पोहायचे तर ८० लांब्या, म्हणजे प्रत्येक खांद्याला ८०० फेरे. आठवड्यातून पाच दिवस पोहल्यास ४,००० फेरे. हात पाण्यात चुकीचा पडत असेल, तर तीच चूक आठवड्यात ४,००० वेळा होते. त्यावर पॅडल बांधले की प्रत्येक चुकीचे वजन वाढते.

वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. त्यांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीचा मऊ पट्टा असतो. दंडाचे हाड लांबीने वाढते ते मुख्यतः खांद्याजवळच्या पट्ट्यातून. हा पट्टा पक्क्या हाडाइतका भार सोसू शकत नाही.

अलीकडेच तेरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. उजव्या कुशीवर झोपता येईना, वेणी घालायला हात वर नेला की कळ येई. चौकशी केल्यावर कळले की थोरल्या भावाचे पॅडल दोन महिन्यांपासून ती वापरत होती. भाऊ अठरा वर्षांचा, पंजा तिच्यापेक्षा बराच मोठा. ‘नवे कशाला घ्यायचे, घरात पडूनच होते,’ असे आई म्हणाली. बोलणे सरळ होते. भावाची सायकल बहिणीला चालते, मग पॅडल का नको? पण सायकलची सीट खाली करता येते, पॅडल कमी करता येत नाही. आम्ही पॅडल बंद केले, तीन आठवडे हात वर नेऊन पोहणे थांबवले, फळी धरून फक्त पाय मारायला सांगितले. तेही हात डोक्यापुढे न ताणता, फळी छातीशी धरून. खांद्याचे व्यायाम दिले. साधारण दोन महिन्यांनी ती पुन्हा पूर्ववत पोहू लागली. दुखणे लवकर लक्षात आले म्हणून हे सोपे गेले.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

माझा साधा नियम असा आहे. किमान सहा महिने नियमित पोहणे झाले असावे. ४०० मीटर फ्रीस्टाइल न थांबता, शेवटच्या लांबीतही हात न बिघडता पोहता आले पाहिजे. आणि खांदा पूर्ण बिनदुखता असावा. या तीनपैकी एक गोष्ट जरी नसेल, तरी पॅडल पुढे ढकलावे. बारा-तेरा वर्षांखालील मुलांना मी ते देऊ नये असेच सांगतो. त्या वयात हात योग्य पडायला शिकणे हाच मोठा सराव आहे.

चाळिशीनंतर व्यायाम म्हणून पोहणाऱ्यांना पॅडलची गरज क्वचितच असते. खांदा आखडण्याचा त्रास मधुमेहींना इतरांपेक्षा अधिक होतो. ज्यांना तो होऊन गेला आहे किंवा ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, त्यांनी पॅडलच्या वाटेला जाऊ नये.

माप कसे घ्यावे?

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसे पंजा पाहून पॅडल घ्यावे. दुकानात जाताना कागदावर पंजा ठेवून, बोटे जुळवून, पेन्सिलीने त्याची आकृती काढून न्यावी. पॅडल त्या आकृतीवर ठेवून पाहावे.

फरक किती पडतो ते पाहा. पंजा १८ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद आहे असे समजू. सोयीसाठी तो चौकोनी धरला तर क्षेत्रफळ १४४ चौरस सेंटिमीटर होते. पॅडल चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठे असेल तर क्षेत्रफळ १७१ होते, म्हणजे सुमारे १९ टक्के जास्त. एक सेंटिमीटर मोठे असेल तर २००, म्हणजे ३९ टक्के जास्त. दोन सेंटिमीटर मोठे असेल तर २६४, म्हणजे ८३ टक्के जास्त! डोळ्यांना फरक बोटाच्या रुंदीएवढा दिसतो, खांद्याला मात्र जवळजवळ दुप्पट पाण्याशी झुंजावे लागते.

म्हणून पहिले पॅडल पंजाएवढे किंवा फार तर चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठे असावे. वर्षभर सराव झालेल्या सशक्त तरुणाने एक सेंटिमीटरपर्यंत जावे. त्यापुढची मापे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तयार झालेल्या स्पर्धकांसाठी आहेत. ‘पुढे हात वाढेल’ म्हणून शाळेच्या गणवेशासारखे मोठे माप घेणे इथे महागात पडते.

आणखी काय पाहावे?

बाजारात बोटांपुरतेच छोटे पॅडलही मिळते. नवशिक्यासाठी ते सर्वांत चांगले, कारण भार कमी वाढतो आणि पाणी कसे धरले जात आहे ते कळते. पूर्ण तळव्याचे घ्यायचे तर भोके असलेले घ्यावे. भोकांतून थोडे पाणी निसटते आणि तळव्याला पाण्याचा स्पर्श राहतो. सलग, बिनभोकाची मोठी पाटी टाळावी.

कडा गोलसर असाव्यात. आपल्याकडे एका रांगेत बरेच जण पोहतात. धारदार कडेने शेजाऱ्याचे डोके फुटायला वेळ लागत नाही. गर्दीच्या वेळी पॅडल पिशवीतच ठेवावे.

रबरी नळी सैल-घट्ट करता येणारी आणि बदलता येणारी असावी. ऊन आणि क्लोरीन यांनी रबर कडक होऊन तुटते. बोटे पांढरी पडतील किंवा बधिर होतील इतकी ती घट्ट नसावी.

इथे एक उपयोगी युक्ती सांगतो. मधल्या बोटाची नळी ठेवावी आणि मनगटाची काढून टाकावी. हात पाण्यात तिरका पडला किंवा मध्येच चुकीचा वळला, तर पॅडल हातातून निसटू पाहते. ते निसटले की चूक झाली असे समजावे. मनगटाला करकचून बांधलेले पॅडल ही चूक लपवते.

सराव कसा करावा?

आधी ४०० मीटर मोकळ्या हाताने पोहून अंग गरम करावे. पहिल्या आठवड्यात पॅडल घालून फक्त चार लांब्या, म्हणजे १०० मीटर, आणि त्याही सावकाश. दोन लांब्या पॅडलने, दोन मोकळ्या हाताने, असे आलटून पालटून करावे. दर आठवड्याला ५० ते १०० मीटर वाढवावे, पण दिवसाच्या एकूण अंतराच्या पाव भागापलीकडे जाऊ नये. रोज वापरू नये. एक दिवस आड बरा. शेवटच्या काही लांब्या नेहमी मोकळ्या हाताने कराव्यात.

हात डोक्यासमोर मधली रेषा ओलांडून पडता कामा नये. तो खांद्याच्या सरळ रेषेत पडावा. अंगठा आधी खाली घालून हात पाण्यात खुपसू नये, बोटांची टोके आधी जावीत आणि तळवा खाली असावा. मग कोपर वर ठेवून पाणी मागे लोटावे.

दुसरा सराव बिनखर्चाचा आहे. दोन लांब्या मूठ मिटून पोहा. तळवा नाहीसा झाला की हाताच्या पुढच्या भागाने पाणी कसे धरायचे ते आपोआप कळते. नंतर मूठ उघडली की आपलाच पंजा पॅडलसारखा वाटतो. लहान मुलांना पॅडलऐवजी हाच सराव द्यावा.

घरी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधा. गजाकडे दुसरी बाजू करून उभे राहा, कोपर काटकोनात वाकवून कुशीशी ठेवा, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरा आणि पट्टी सावकाश बाहेरच्या बाजूला ओढा. दहा-बारा वेळा, दोनदा. मग दुसऱ्या हाताने. त्या चार लहान स्नायूंना याने बळ येते.

केव्हा थांबावे?

दंडाच्या आणि पाठीच्या मांसल भागात गोड थकवा आला तर काळजी नाही, तो एक-दोन दिवसांत जातो. पण खांद्याच्या वरच्या किंवा पुढच्या टोकाशी टोचल्यासारखे दुखणे, त्या कुशीवर झोपता न येणे, हात वर नेताना कळ येणे, हाताला मुंग्या येणे, यांपैकी काहीही झाले तर पॅडल त्याच दिवशी बंद करावे. वेदनाशामक गोळी घेऊन सराव रेटू नये. दोन-तीन दिवसांत आराम पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

मूल खांदा दुखतो म्हणाले, तर तो सराव चुकवण्याचा बहाणा आहे असे पालकांनी आणि प्रशिक्षकांनी लगेच ठरवू नये. आधी त्याचे पॅडल हातात घ्यावे आणि त्याच्या पंजावर ठेवून पाहावे.