वेल्समधले पूर्वज शोधताय? आधी गाव शोधा, मग कार्ड काढा

तुमची सून वेल्सची असेल, नातवाला शाळेने वंशवृक्ष काढायला सांगितला असेल, किंवा आजेसासऱ्यांच्या पेटीत कार्डिफचा जुना फोटो सापडला असेल, तर पहिल्याच दिवशी कुठल्याही संकेतस्थळावर पैसे भरू नका. पहिला आठवडा फुकटात जातो आणि तोच सगळ्यात जास्त उपयोगाचा ठरतो.

आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन करा आणि चार गोष्टी लिहून घ्या: गाव किंवा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला परिसर), शेताचं किंवा घराचं नाव, कुठल्या चॅपलला जायचे, आणि आईचं माहेरचं आडनाव. कौटुंबिक बायबल असेल तर त्याच्या पहिल्या पानांचे फोटो मागवा. जन्ममृत्यूच्या तारखा बहुधा तिथेच लिहिलेल्या असतात.

हे चार तपशील इतके महत्त्वाचे का, तर वेल्समध्ये आडनावाने माणूस सापडत नाही. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस एवढ्या पाच आडनावांत गावंच्या गावं सामावतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. तिथे वडिलांचं नावच आडनावाच्या जागी यायचं आणि दर पिढीला बदलायचं. ‘अप’ किंवा ‘अब’ म्हणजे अमक्याचा मुलगा. अप रीसचे प्राइस झाले, अप हाउएलचे पॉवेल, अब ओवेनचे बोवेन, अप ह्यूचे प्यू. बड्या घराण्यांची आडनावं सोळाव्या शतकापासून पक्की होत गेली, पण काही भागांत ही जुनी रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. त्यामुळे १८०० च्या मागे जाताना वडील आणि मुलगा यांची आडनावं वेगळी दिसली, तर नोंद चुकीची म्हणून टाकून देऊ नका. बायकांच्या नोंदीही माहेरच्या नावाने सापडू शकतात. थडग्यावरही पाहा.

माझ्या भाचीने सासरच्या पणजोबांसाठी एकाच जिल्ह्यातल्या तीन जॉन जोन्सचे दाखले मागवले. साडेसदतीस पौंड गेले आणि तिन्ही जॉन परके निघाले. खरे पणजोबा सापडले ते थडग्यावर कोरलेल्या शेताच्या नावावरून. जनगणनेत त्याच शेतावर तेच कुटुंब होतं, मुलांची नावं जुळत होती.

आता दाखल्यांचे दर. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. नोंदी जनरल रजिस्टर ऑफिसकडे असतात. खातं उघडणं आणि जन्ममृत्यूची सूची पाहणं मोफत. या सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव आणि मृत्यूंना वय दिलेलं असतं. शंभर जॉन जोन्समधून तुमचा वेगळा काढायचा मार्ग हाच. जुन्या छापील सूचीवर चालणाऱ्या संकेतस्थळांवर आईचं नाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळतं, म्हणून त्याआधीच्या जन्मांसाठी सरकारी सूचीच वापरा. लग्नं मात्र तिथे शोधता येत नाहीत. त्यासाठी फ्रीबीएमडी हे संकेतस्थळ, तेही मोफत.

कागदी दाखला साडेबारा पौंड, सूचीचा क्रमांक दिलात तर चार कामाच्या दिवसांत रवाना. घाईचा दाखला साडेअडतीस पौंड. वंशावळीसाठी घाई कसली? तो पर्याय सोडून द्या. पीडीएफ आठ पौंड. नोंदीची नुसती डिजिटल प्रतिमा तीन पौंड आणि ती लगेच पडद्यावर येते. प्रतिमा साधारण शंभर वर्षांहून जुन्या जन्मांची आणि १८८७ पर्यंतच्या मृत्यूंची मिळते. पीडीएफ मृत्यूंसाठी १९५७ पर्यंत चालते. लग्नाचा दाखला कागदावरच घ्यावा लागतो. प्रतिमेतला मजकूर तोच असतो, फक्त कायदेशीर पुरावा म्हणून ती चालत नाही. तुम्हाला वंशवृक्ष काढायचाय, कोर्टात जायचं नाही. तीन पौंडांचीच घ्या.

छुपा खर्च इथे आहे: सूचीचा क्रमांक न देता अर्ज केलात तर शोधाचे साडेतीन पौंड वर लागतात. भारतातून कार्डाने भरलंत तर बँक परकीय चलनाचं शुल्क वेगळं लावते, म्हणून तीनचार नोंदी एकत्र मागवा. नातं सिद्ध करणारं कुठलंही कागदपत्र लागत नाही. फक्त गेल्या पन्नास वर्षांतल्या नोंदींसाठी जास्त तपशील भरावा लागतो.

सूची वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वर्ष तिमाहीत विभागलेलं असतं आणि जन्म नोंदवायला सहा आठवडे मिळायचे, त्यामुळे डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. शिवाय नोंदणी जिल्हे सरहद्द पाळत नाहीत. चेपस्टो जिल्ह्यात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरची गावंही होती.

जनगणना १८४१ ते १९२१, दर दहा वर्षांनी. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलंय, त्यावर विसंबू नका. जन्माची पॅरिश १८५१ पासून मिळते, म्हणून खरी सुरुवात तिथून करा. १८८१ ची जनगणना फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत आहे. १८९१ पासून वेल्समध्ये भाषेचा रकाना आला: वेल्श, इंग्रजी की दोन्ही. मुलं दोन्ही बोलतात आणि आजी फक्त वेल्श, हे एका पानावर दिसतं तेव्हा घर डोळ्यांसमोर उभं राहतं. १९११ च्या अर्जात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती जगली हेही आहे. पुढे १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत गेली आणि १९४१ ची झालीच नाही. त्या काळासाठी युद्धाच्या सुरुवातीला केलेलं १९३९ चं रजिस्टर पाहा.

चर्चच्या नोंदींत बाप्तिस्मा सापडला नाही तर घाबरू नका. एकोणिसाव्या शतकात वेल्समधले बहुसंख्य लोक चॅपलवाले, म्हणजे अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांचे होते: मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट. बॅप्टिस्टांकडे बाळांचा बाप्तिस्मा होतच नाही. पण १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना लग्न पॅरिश चर्चमध्येच करावं लागायचं. म्हणून घराणं चॅपलचं असलं तरी लग्न चर्चच्या वहीत शोधा.

प्रत्यक्ष जायचं तर अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये. बर्मिंगहॅमहून थेट रेल्वेने तीनएक तास. वाचकपत्र मोफत, सोबत ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. घरून पाहताना पैसे पडणारी १९२१ ची जनगणना तिथल्या संगणकांवर फुकट पाहता येते. घरबसल्याही या ग्रंथालयाचं बरंच काही मोफत आहे: १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रं, १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं, आणि कुठलं शेत कोण कसत होतं हे दाखवणारे टाइद नकाशे. खाणीतल्या अपघातात कुणी गेलं असेल तर आधी ही वर्तमानपत्रं चाळा. कार्डिफचं ग्लॅमॉर्गन आर्काइव्ह्ज किंवा एब्बू व्हेलचं ग्वेंट आर्काइव्ह्ज गाठायचं असेल तर जागा आधी राखून ठेवा आणि पेन घरी ठेवून पेन्सिल न्या.

आता सापळे. अ‍ॅन्सेस्ट्री, फाइंडमायपास्ट यांसारख्या सेवांची मोफत मुदत संपली की वर्गणी आपोआप सुरू होते. नोंदणी केली त्याच दिवशी स्वयंनूतनीकरण बंद करा. वेल्समधल्या चर्चच्या वह्यांसाठी फाइंडमायपास्ट उपयोगी आहे, पण आधी याद्या तयार ठेवा आणि एकच महिना घेऊन काम उरका. सरकारी दिसणाऱ्या संकेतस्थळांवर तोच दाखला दुप्पट दराने विकला जातो, तेव्हा पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण पाहा. ‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ म्हणून चौकट विकणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. चिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही. डीएनए चाचणीतले टक्के बघून गाव कळत नाही.

पूर्वज वेल्सहून मुंबई इलाख्यात आलेला असेल, लष्करात किंवा रेल्वेत, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी पाहा. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या मालिकांत मुंबई इलाख्याची मालिका ‘एन ३’ आहे. सुरुवात ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेच्या मोफत शोधयादीपासून करा. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव मिळालं की तेच नाव, वय आणि गाव घेऊन वेल्सच्या जनगणनेत जा. गाव मिळालं नाही तर लष्करी भरतीच्या कागदांत जन्माची पॅरिश लिहिलेली असते का, ते आधी पाहा. तोवर दाखला मागवू नका.